मंगळ नावाचा दिवा

सिहोऱ्यात मी खोली शोधत फिरत होते तेव्हा प्रत्येक घरमालकाने मला आधी आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. एवढ्याशा गावात काल एकदम इतके भाडेकरू कुठून आले, याचा उलगडा व्हायला विज्ञानाची शिक्षिका असण्याची गरज नव्हती. आमच्या घरी आजोबांपासून बुद्धवंदना आहे आणि आडनाव ती लपवत नाही. मीही लपवत नाही. फक्त पाय दुखत होते.

शेवटी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घरासमोर उभी राहिले. ओसरीवर एक उंच, वाळकुडे गृहस्थ बसले होते. शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे त्यांनी पाणसळ खोचली होती, म्हणजे गवंडी ओटा सरळ झाला की नाही ते बघायला वापरतात ती बुडबुड्याची नळी. त्यांनी आडनाव विचारलंच नाही.

"कोणता विषय शिकवता?"

"विज्ञान."

"मंग सांगा, पृथ्वी गोल का सपाट?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "गोल," म्हटलं.

"राहा मंग. वाद घालायले घरात एक माणूस पाहिजेच होता. या दोघी तं हो म्हणून मोकळ्या होतात."

या दोघी म्हणजे त्यांची बायको आणि मुलगी मनीषा. बायकोला मी काकू म्हणू लागले आणि त्यांना काकाजी. गाव त्यांना सपाट बाबूजी म्हणत असे, तेही तोंडावर, आणि ते ओ देत असत.

पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी पाण्याच्या मागे चालण्यात गेली. पाणी कुठे पोचलं, कुठे अडलं, कोणी रात्रीतून बांध फोडला, हे बघत पाटाच्या कडेने सायकल, मग मोटारसायकल. निवृत्त झाल्यावर पाणी सुटलं, पण पातळी सुटली नाही. माझं सामान लावून व्हायच्या आत ते पाणसळ घेऊन आले आणि खाट, टेबल, ओटा सगळ्यांवर ठेवून गेले. जाताना म्हणाले, "तुमचा ओटा उगवतीकडे झुकला आहे. वरण त्याच बाजूनं उतू जाईल." तसंच जायचं.

त्यांचं आकाश सोपं होतं. पृथ्वी ताटासारखी, वर झाकण. सूर्य फार मोठा नाही आणि फार लांबही नाही. खळ्यावर धान मळताना बैल खांबाभोवती फिरतात तसा तो आपल्या डोक्यावरून फेऱ्या घालतो. आपल्यापासून लांब गेला की संध्याकाळ. चंद्राला स्वतःचा उजेड, आणि तो थंड. तारे म्हणजे झाकणाला लावलेले दिवे. ग्रह म्हणजे त्यातलेच फिरते दिवे. त्यांना माती नाही, वजन नाही, तिथे कोणी उतरलं नाही आणि उतरणारही नाही. मंगळाचं नाव निघालं की ते आवाज जरा चढवत. "लाल दिवा आहे तो. बस. याच्या वर त्याची काही औकात नाही."

मी भांडत असे. मला भांडायला आवडतं, आणि नवरा नोकरीला चंद्रपूरला असल्यामुळे आठवडाभर दुसरं कोणी मिळतही नसे. मी पुस्तकातला पुरावा काढला: समुद्रात लांब जाणाऱ्या जहाजाचा आधी खालचा भाग दिसेनासा होतो, मग शीड.

"जहाज तुम्ही पाहिलं का मॅडम?"

"नाही."

"समुद्र?"

समुद्रही मी तेव्हा पाहिला नव्हता. भंडारा जिल्ह्यात हा पुरावा शिकवणाऱ्या कितीजणांनी पाहिला असेल, कोण जाणे. "मी बी नाही पाह्यला," ते शांतपणे म्हणाले. "मी पाट पाह्यला. इतक्या वर्षांत एकदा बी पाण्याच्या पाठीले बाक आला नाही."

मग मी ग्रहण काढलं. चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली गोल असते. त्यांनी काकूंकडून जेवणाचं ताट मागवलं आणि उन्हात धरून भिंतीवर सावली पाडून दाखवली. गोल. मी सांगितलं की ताट आडवं केलं तर सावलीची रेघ होईल, पृथ्वीची कधीच होत नाही. ते बराच वेळ ताट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "याच्यावर मी उद्या बोलतो." ते खरंच दुसऱ्या दिवशी बोलले. उत्तर चुकीचं होतं, पण ते रात्रभर त्यावर विचार करत होते हे दिसत होतं. माझ्या वर्गातली मुलं माझं खरं उत्तर ऐकूनही इतका विचार करत नाहीत.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं. "ग्रह आकाशात नसतो मॅडम. ग्रह माणूस करून घेते." कोणाविषयी मनात अढी धरणं यालाच आपण ग्रह करून घेणं म्हणतो, आणि त्यांच्या मते भाषेला हे पहिल्यापासून माहीत होतं, शास्त्रालाच कळलं नाही. मला ती कोटी वाटायची. पुष्कळ दिवस मी तिला कोटीच समजत होते.

मंगळवारी मात्र त्यांचं डोकं ठिकाणावर नसे. काकूंचा त्या दिवशी कडक उपवास असे, मिठाशिवायचा. देवापुढे बसलेल्या काकूंकडे बघत ते ओसरीवर येरझारा घालत. "दिव्यासाठी उपाशी राहून राहिली ही बाई."

"राहू द्या जी," काकू आतून म्हणत. "तुमच्या दिव्याले तेल नाही लागत, उपासच लागते."

हा उपवास कशाचा ते मला मनीषाने सांगितलं. ती गावातल्या सेतू केंद्रात कामाला होती, दिवसभर इतरांचे दाखले काढून द्यायची आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. त्या दिवशी आम्ही लाखोरीची भाजी निवडत होतो.

बपेऱ्याचं स्थळ होतं. मुलगा शिक्षक, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, सुपारी फुटलेली. मग मुलाकडच्या कोणाला तरी वाटलं की पत्रिका दाखवून घ्यावी. मनीषाला मंगळ निघाला, आठव्या घरात, नवऱ्याच्या जिवावरचा. त्यांनी निरोप पाठवला. काकाजी तेव्हा सपाट नव्हते. चारचौघांसारखे गोल होते, आणि पत्रिका वगैरे मानतही नव्हते. ते मोटारसायकल काढून बपेऱ्याला गेले, समजावून सांगायला. तिथे मुलाचा काका बसला होता, कॉलेजात शिकवणारा. तो म्हणाला, "चंद्र केवढासा, पण समुद्र ओढते. मंगळ तं त्याच्याहून कितीतरी मोठा. माणसाच्या अंगात निम्म्याच्या वर पाणी. तुम्ही पाण्यातले जाणकार बाबूजी, तुम्हीच सांगा, ओढणार नाही का?"

"बाबाले उत्तरच नाही आलं," मनीषा म्हणाली. "पाण्याची गोष्ट होती न. बाबा पाण्यावर खोटं नाही बोलत."

ते परत आले आणि बरेच दिवस ओसरीवर नुसते बसून राहिले. मग कधीतरी मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ सापडला. मंगळ हा गोळा नाहीच, दिवा आहे. दिव्याला वजन नसतं. वजन नाही तर ओढ नाही. पण मंगळाला दिवा करायचा तर पृथ्वीही सपाट करावी लागत होती. त्यांनी केली.

"त्या दिवशी बाबा पोटभर जेवले," मनीषा म्हणाली. "तुमच्याकडे बरं आहे मॅडम. पत्रिका नाही."

"आमच्याकडे पत्रिका नाही," मी म्हटलं, "मुलाची सरकारी नोकरी बघतात. ती नसली की सगळेच ग्रह वक्री." ती हसली. ती क्वचित हसायची.

मला त्या कॉलेजातल्या काकाचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी काकाजींना गाठलं. परसात त्यांची एक दुभती म्हैस होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काकाजी, मंगळ मोठा आहे हे खरं. पण तो इतका लांब आहे की अंतरातच ती सगळी ओढ मरते. मूल जन्मतं तेव्हा दाराशी ही म्हैस बांधलेली असली ना, तर त्या मुलावर हिची ओढ मंगळापेक्षा जास्त पडते. हिशेब करून दाखवते."

मी हिशेब करून दाखवला. ते म्हशीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते.

"हे खरं आहे?"

"अगदी खरं."

"मंग बपेऱ्याले मी गेलो तेव्हा तुम्ही कुठं होता मॅडम?" ते म्हणाले, आणि मग, "पण मंगळाची ओढ आहे तं खरी. थोडी का होईना."

"आहे. नसल्यासारखीच."

"नसल्यासारखी नाही चालत. थोडी आहे म्हटलं की लोक त्या थोडीलेच धरून बसतात. मले शून्य पाहिजे. माझ्या दिव्यात शून्य आहे."

शून्य मी देऊ शकत नव्हते.

पुढे गावातल्या पोरांना त्यांचा शोध लागला. तलावाच्या पाळीवर पाणसळ ठेवून ते पाण्याची पातळी समजावताहेत, मागे कोणीतरी खिदळतंय, असा एक व्हिडिओ तुमसरपर्यंत आणि तिथून कुठे कुठे पोचला. त्यांना वाटलं, लोक ऐकायला लागले. भेटेल त्याला ते सांगत, "हजारानं पाहून राहिले." लोक कशासाठी बघताहेत हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

मनीषासाठी स्थळं येत होती, पण आता पत्रिकेच्या आधी व्हिडिओ बघून येत किंवा बघून येतच नसत. आंबागडकडच्या एका स्थळाचा मध्यस्थ काकूंना माझ्यासमोर म्हणाला, "मंगळाचं काहीतरी करता आलं असतं, बाई. बापाचं काय करता?" काकूंनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मनीषा कप उचलता उचलता म्हणाली, "मंगळ होता तो बरा होता. एकटा तं होता." ओसरीवर काकाजींना ते ऐकू गेलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

मग तुमसरचं स्थळ आलं. मुलगा बिजवर, राइस मिलमध्ये हिशेबाला. पहिली बायको आजाराने गेलेली. माणूस सरळ होता आणि मनीषाला तो आवडला होता. हे तिने मला सांगितलं, घरात सांगितलं नाही. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि काकाजी ओसरीवर बसलो होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या कोणी विचारलं तं गोल म्हणा."

"एकदाच म्हणायचं का?"

"एकदाच."

"बरं." त्यांनी खिशातली पाणसळ काढून तिच्या हातात दिली. "आत ठेव. खिशात असली की तोंडात येते."

दुसऱ्या दिवशी मुलाचे मामा पोह्याची बशी हातात घेऊन हसत म्हणाले, "बाबूजी, तुमचा व्हिडिओ पाहिला जी आम्ही. मंग काय म्हणते तुमची पृथ्वी?"

"गोल आहे."

"पक्कं?"

"गोल आहे. पोरं मजाक करून राहिले होते."

सगळे मोकळे हसले. काकूंनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, झालं. मामांनीही बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पाहा, आमचा पोरीबद्दल काही ग्रह नाही." त्या शब्दाला काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "फक्त तो मंगळ तेवढा आहे. पोराची पहिली अशी गेली, त्याच्या मायले भेव वाटते. तुम्ही पहिले कुंभविवाह करून द्या. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

कुंभविवाह म्हणजे मंगळाच्या मुलीचं आधी मातीच्या मडक्याशी लग्न लावायचं. मंगळाला जे काही करायचं ते त्याने मडक्याचं करावं. मग मडकं पाण्यात सोडायचं आणि मुलगी खऱ्या नवऱ्यासाठी मोकळी.

काकाजींनी तोंड उघडलं. आदल्या दिवशीचे काकाजी असते तर म्हणाले असते, दिवा आहे तो, दिव्याला कसलं मडकं. पण गोल म्हटलं होतं. गोल म्हटल्यावर मंगळ आला, त्याचं वजन आलं, ओढ आली. बपेऱ्याच्या ओसरीवर अडकले होते तिथेच ते पुन्हा येऊन बसले होते. मनीषा चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि कोणाकडेच बघत नव्हती.

"करून देऊ," ते म्हणाले.

ते मडक्याचं लग्न मी पाहिलं. तुमसरहून आलेले पंडित मंत्र म्हणत होते, मनीषा हळद लावून मडक्याशेजारी बसली होती आणि काकाजींनी त्या मडक्याला कन्यादान केलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण मनीषाने मला थांबायला सांगितलं होतं. मग सगळे तलावावर गेलो. मडकं सोडलं, ते डुचमळत राहिलं, तोंडातून पाणी शिरलं आणि बुडालं. सगळे वळले. काकाजी तिथेच उभे होते. पाणी पुन्हा सारखं होईपर्यंत ते हलले नाहीत.

लग्न नीट पार पडलं. मनीषा तुमसरला गेली. आणि माझे वाद संपले.

मी मुद्दाम खोड काढायची. "काकाजी, त्या जहाजाचं काय?" तर म्हणत, "तुमचंच बरोबर आहे मॅडम. गोल आहे." व्हिडिओसाठी पोरं आली तर त्यांनाही हेच सांगून परत पाठवत. मनीषाने आत ठेवलेली पाणसळ पुन्हा बाहेर निघाली नाही. माझा ओटा तसाच झुकलेला राहिला. इतकं वाईट मी कधी जिंकले नव्हते. एकदा म्हणायचं कबूल केलेलं ते आता रोज म्हणत होते, जणू एखाद्या दिवशी चुकलं तर मुलीला भोवेल.

पूर्वी त्यांनी मंगळ कधी शोधला नव्हता. दिवे सगळे सारखे, त्यातला कोणता कोण याची त्यांना पर्वा नव्हती. आता संध्याकाळी तलावावर पहिल्या चांदण्या दिसायला लागल्या की ते मला हाक मारत. "मॅडम, तो कोणता?" मी दाखवायची. मग ते त्याच्याकडे बघत बसत. भीती वाटणारा माणूस कुत्र्यावरची नजर काढत नाही तसे.

भातकापणी संपत आली होती तेव्हा बातमी आली. जावयाची मोटारसायकल रात्री धानाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. जीव वाचला, पायात सळी घालावी लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात काकाजी आणि काकू जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांनी मनीषा बॅग घेऊन दारात उतरली. जावयाचे मामा सोडायला आले होते, पण गाडीतून उतरले नाहीत. खिडकीतूनच म्हणाले, "त्याले बरं होईपर्यंत राहू द्या इकडं. मडक्यानं भागलं नाही, बाबूजी."

काकाजींनी मनीषाची बॅग उचलली. मी बोलले. फार बोलले. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता हे पोलिसांनीच सांगितलं होतं, तेही बोलले. मामा म्हणाले, "मॅडम, तुमच्यात हे मानत नाहीत, तुम्हाले नाही समजणार," आणि काच वर केली.

मनीषा आपल्या जुन्या खोलीत गेली. नवरा रोज फोन करायचा. रडायचा म्हणे. घ्यायला येतो म्हणत नव्हता, कारण त्याला उभंच राहता येत नव्हतं आणि त्याची आई त्याच्या उशाशी बसलेली असे.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी काकाजींनी मला हाक मारली. मंगळ दाखवायला बोलावताहेत असं वाटलं, पण त्यांनी वर पाहिलंही नाही. आत मनीषा तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

"मॅडम, ते म्हशीचं पुन्हा सांगा."

मी सांगितलं. मंगळ कितीही मोठा असो, तो लांब आहे. दाराशी बांधलेल्या म्हशीची ओढ त्याच्यापेक्षा जास्त. आवाज मोठा ठेवला, आत ऐकू जावा म्हणून.

"जवळ बांधली तं अजून जास्त?"

"हो. जितकी जवळ तितकी जास्त."

"अन् मंगळाची थोडी आहेच न?"

त्या क्षणी मला शून्य म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने पाण्यावर खोटं बोलायला नको म्हणून अख्खी पृथ्वी सपाट केली होती, त्याला खोटं कसं सांगणार? "आहे," म्हटलं. "फार थोडी."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने मला जाग आली. परसातला गोठा रिकामा होता. घराच्या दुसऱ्या अंगाला, मनीषाच्या खिडकीखाली, काकाजी जमिनीत खुंटा ठोकत होते. म्हैस शेजारी उभी होती. बांधून झाल्यावर त्यांनी दावं आखूड केलं, मग आणखी आखूड, इतकं की म्हशीचं नाक खिडकीच्या गजांना टेकलं. मी आले हे त्यांना कळलं असावं, कारण माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इथं राहू द्या मॅडम. इकडून बी थोडी ओढ असू द्या."

खिडकी आतून उघडली. मनीषा केस विंचरायची राहिलेली, उठून आलेली. तिने म्हशीकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं, बापाच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. मग गजातून हात बाहेर काढून म्हशीच्या कपाळावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.